शेठ आज जेवले

करावे, २० नोव्हेंबर १९६१, सोमवार

आज बालवाडीला ससा मिळाला. खरा, जिवंत, पांढरा. दमयंतीबाई मुंबईहून एस.टी.ने बेलापूरपर्यंत आल्या आणि तिथून करंडी हातात धरून चालत आल्या. करंडीवर ओले फडके होते. फडके उचलले तेव्हा आधी कान दिसले आणि मी करंडीवर ओणवीच झाले.

बाई आमच्या संस्थेच्या मुख्य आहेत. देवळातली बालवाडी त्यांनीच जूनमध्ये सुरू करून मला तिथे नेमले. त्या वेळी तीस मुले होती. आता मिठागरे सुरू झाली, आया पोरांना बरोबर नेतात, मोठी पोरे खाडीकाठच्या खाजणात निवटे मासे धरायला जातात. आज हजेरी अकरा. बाईंनी पट पाहिला आणि स्पष्टच सांगितले की फेब्रुवारीत त्या पुन्हा येतील. तेव्हा वीस मुले रोज बसत असतील तर बालवाडी पुढे चालेल, नाहीतर दुसऱ्या गावाला जाईल. एका गावात सशामुळे पट दुप्पट झाला होता, म्हणून त्यांनी आपल्या घरच्या सशांपैकी एक आणला. जाताना म्हणाल्या, "मैना, एवढंच बघ, की तो मुलांच्या डोळ्यांदेखत मरता कामा नये. मग एकही मूल फिरकणार नाही."

बाबांनी मागेच सांगितले आहे की बालवाडी टिकली तर एक वर्ष थांबू, बंद झाली तर शिमग्यानंतर जासईच्या स्थळाला होकार कळवू. म्हणजे माझे सगळे आता या मुठीएवढ्या जिवावर आहे. पण तो इतका सुंदर आहे की भीतीसुद्धा आनंदासारखी वाटते.

बाईंनी कागद लिहून दिला आहे: स्वच्छ पाणी, हिरवा पाला, थोडे भिजवलेले हरभरे, गोड काही नाही. मी तो पाठ केला.

आईने करंडीत डोकावून विचारले, "याचं कालवन किती जनांना पुरंल?" मी रडायच्या बेतात आले तेव्हा म्हणाली, "मस्करी केली गं. गवत घाल त्याला." मी कागद दाखवला. त्यात गवत नाही. आई म्हणाली, "कागद तुला वाचता येतो. मला नाय." आणि चुलीकडे गेली.

२३ नोव्हेंबर

हजेरी सतरा. मुलांनी नाव ठेवले, शेठ. मिठागराचे शेठ पांढरे कपडे घालून येतात, सावलीत बसतात आणि काही ना काही चघळत असतात, म्हणून. हे नाव मला उद्धट वाटले. बदलायला सांगितले, पण कोणी ऐकले नाही. आता मीही तेच म्हणते. दुपारी शेठना करंडीतून घरी आणते. इथे पडवीत बाबांनी फळ्या आणि जाळी ठोकून पिंजरा केला आहे.

२५ नोव्हेंबर

आपल्याकडे कुणाच्या दारी पाहुणा आला तर त्याला उपाशी पाठवत नाहीत, हे पोरांच्या अंगात भिनलेले आहे. आज एकाने तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणला, एकीने बत्तासा, एकाने आईच्या पदराआडून चोरलेली सुकट. शेठनी सुकट हुंगली आणि इतक्या जोरात शिंकले की सगळा वर्ग लोळला. मी सगळे जप्त केले आणि नियम घातला की उद्यापासून फक्त हिरवा पाला, तोही मूठभर, तोही धुऊन. गंगू म्हणाली, "बाई, मी आनते. आमच्याकडं ढीग हाय." गंगू पाच वर्षांची आहे आणि तिच्यासारखी जबाबदार व्यक्ती गावात नाही.

२९ नोव्हेंबर

फार वाईट दिवस. तीन दिवस गंगू ओंजळ ओंजळ पाला आणत होती. कोवळा, गुबगुबीत, हिरवागार. शेठ आवडीने खात. पण पाणी इतके पीत की मातीची वाटी मी दिवसातून पाच वेळा भरली. आज सकाळी पिंजरा घाण झालेला, शेठ कोपऱ्यात, कान पाडून.

मी पाला हातात घेऊन बघत बसले आणि मग एक पान तोंडात टाकले. खारट. मोरस होती ती. खाडीच्या काठची मोरस, जी आई कोलंबीत घालते तेव्हा वर मीठ टाकत नाही. हे गावातले शेंबडे पोरही जाणते. मी सातवी पास, आमच्या घरात पाटीला हात लावलेली पहिली, आणि मी तीन दिवस त्या जिवाला मीठ चारले. कागदावर 'हिरवा पाला' लिहिले होते, आणि आमच्याकडे या दिवसांत हिरवे म्हणजे हेच.

गंगूला सांगितले की चूक तिची नाही, माझी आहे. तिने मान डोलावली. "हो. तुमचीच हाय."

मी विहिरीवर गेले तेव्हा आई पडवीत झाडत होती.

३ डिसेंबर

शेठ उठले. कान ताठ, डोळे लखलखीत. मी शुक्रवारपासून फक्त भिजवलेले हरभरे, दहा मोजून, आणि पनवेलच्या बाजारातून बाबांनी आणलेल्या कोबीचे एक पान देते आहे. हरभऱ्यातच ताकद आहे, घोड्याला देतात ते उगीच नाही. वहीत तक्ता आखला: तारीख, हरभरे, कोबी, पाणी किती वाट्या, लेंड्या किती. लेंड्या मोजायच्या हे मला आपले आपण सुचले. आत काय चालले आहे ते बाहेर येणाऱ्यावरून कळणार, दुसरे काय.

आज शंभर. गोल, कोरड्या, सोनेरी. मी इतकी खूश झाले की आईला दाखवायला नेल्या. तिने वहाण काढायचा आविर्भाव केला.

११ डिसेंबर

हजेरी एकवीस! मी ती दोनदा घेतली. जी पोरे मिठागरावर जात ती आता सकाळी शेठना भेटून मगच जातात, आणि भेटली की बसतात, आणि बसली की गाणी म्हणतात.

वजन करायला काशीआत्याकडे गेले. ती मासळी विकते, गावात धड तराजू तिचाच. शेठ परातीत बसेनात. शेवटी भरले एक किलो चारशे. काशीआत्या नव्या किलोच्या वजनांवर चिडलेली असते, तिने त्यांना शेरात परत मोजले आणि म्हणाली, "वाटा लावू का?" तेव्हापासून शेठना बोंबलाचा वास येतो आहे आणि दोन मांजरी आमच्या पडवीपुढे ध्यान लावून बसल्या आहेत.

दमयंतीबाईंना पत्र टाकले. हरभऱ्याचा सगळा प्रयोग लिहिला. जरा फुशारकी झाली का? परत वाचले तेव्हा 'मी' हा शब्द चौदा वेळा आला होता.

१८ डिसेंबर

शेजारचे धर्माकाका आज अंगणात येऊन तक्रार करून गेले. त्यांच्या बैलांसाठी त्यांनी पारसिकच्या डोंगरावरून कापून आणलेल्या गवताची उडवी रचली आहे. एका बाजूने कोणीतरी रोज गवत उपसते. त्यांना वाटते कुणाची तरी बकरी. मी लगेच म्हणाले की मुलांना आळीपाळीने पहाऱ्याला बसवते, बकरी सापडेलच. आईला जोराचा ठसका लागला आणि ती आत गेली. तिची तब्येत मला ठीक दिसत नाही. कंबर दुखते म्हणते आणि तरी दर दोन दिवसांनी धर्माकाकांचे अंगण सारवून देते. का, विचारले तर म्हणते शेजारधर्म.

तक्त्यात एक गोष्ट जुळत नाही. दहा हरभरे आणि एक पान आत जाते, आणि दीडशे लेंड्या बाहेर येतात. शेरा लिहिला: 'कारण कळत नाही. बहुधा हरभरा फुगतो.'

७ जानेवारी १९६२, रविवार

जासईची माणसे आली होती. मुलगा उरणला कारकून आहे, सभ्य वाटला, माझ्याकडे कमी आणि शेठकडे जास्त बघत होता. त्याच्या आईने विचारले, लग्न कधी धरायचे. मी दाराआडून ऐकत होते. बाबा काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "फेब्रुवारीपर्यंत तिची शाळा हाय. त्याच्याआधी काय नाय ठरवायचं." म्हणजे आईने तर मुदतच बांधली. फेब्रुवारी सरला की मोकळी. मला वाटले होते आई निदान माझ्या बाजूने एक शब्द बोलेल.

शेठनी पाहुण्यांसमोर मागच्या दोन पायांवर उभे राहून दाखवले. त्यांना काही कळत नाही, हेच बरे.

१९ जानेवारी

लिहू की नको, असा दिवसभर विचार केला. या वहीत खोटे लिहायचे नाही असे पहिल्या पानावर मी स्वतःला सांगितले आहे, म्हणून लिहिते.

दुपारी विहिरीवरून लवकर परत आले. आई पिंजऱ्यापाशी बसली होती. पिंजऱ्याचे दार उघडे, तिचा हात कोपरापर्यंत आत. मला पाहताच हात बाहेर काढला आणि पदर झटकत उठली. काय करतेस विचारले तर म्हणाली, "माशी बसलेली." शेठ काहीतरी चघळत होते. मी पुढे होईपर्यंत गिळलेही.

आईने काय दिले? ती सरळ का सांगत नाही? जासईच्या माणसांना तिने फेब्रुवारीची मुदत दिली आहे. शेठ गेले तर मुले जातील, मुले गेली तर बालवाडी जाईल. मग मला अडवणारे काही नाही. माझी आई असे करणार नाही. पण मग तिने हात का लपवला?

२० जानेवारी

बाबांच्या पेटीचे छोटे पितळी कुलूप मागून घेतले आणि पिंजऱ्याला लावले. किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. पिंजरा फडक्याने पुसून काढला. काही काड्या होत्या, त्याही वेचून टाकल्या. आता आत जाईल ते फक्त माझ्या हातचे, मोजलेले.

आईने कुलूप पाहिले. किती तरी वेळ पाहिले. मग बाबांना म्हणाली, "पोरगी शिकली." बाबांना वाटले ती कौतुक करते आहे.

२६ जानेवारी

देवळासमोर झेंडावंदन. चोवीस मुले ओळीत, शेठ गंगूच्या मांडीवर, गळ्यात झेंडूचे फूल. ते त्यांनी राष्ट्रगीत संपायच्या आत खाल्ले. गावातले नामदेव पाटील हसता हसता म्हणाले की शेठना निवडणुकीला उभे करा. इतकी मजा मला शाळेतही आली नव्हती.

घरी येऊन लेंड्या मोजल्या. पंच्याऐंशी. लहान आहेत, आणि कडक.

३० जानेवारी

पन्नास. हरभरे दहाचे पंधरा केले. कोबीची दोन पाने.

२ फेब्रुवारी

वीस. पोट टणक आणि फुगलेले. शेठ दात खातात, कर्र कर्र असा आवाज येतो. पाण्याची वाटी तशीच. मी हरभरे पुढे केले तेव्हा त्यांनी तोंड फिरवले.

उद्यापासून आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, असे सगळीकडे चालले आहे. देवळात होम आहे. आया पोरांना घराबाहेर सोडत नाहीत. आज हजेरी चार. लोक आकाशाकडे बघतात आणि मी लेंड्यांकडे.

३ फेब्रुवारी, शनिवार

एकही नाही.

हजेरीही नाही, देवळात होम; फक्त गंगू आमच्या घरी आली. ती बापाला सांगून आली की जग बुडायच्या आधी शेठना बघायचे आहे. शेठ माझ्या ओच्यात पडून होते, डोळे अर्धे मिटलेले. गंगूने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "बाई, ते हलत का नाय?" मी त्यांना आणखी जवळ ओढून घेतले. बाहेर होमाचा धूर, बायकांचा घोळका, कोणी रडत होते, कोणी घरातले तांदूळ वाटून टाकत होते.

आई होमाला निघाली होती, हातात नारळ. दारात थांबली. माझ्याकडे बघितले, सशाकडे बघितले. नारळ कोनाड्यात ठेवला आणि समोर बसून हात पुढे केला.

"किल्ली. आता मी बगतंय."

मी म्हणाले की आधी सांग, त्या दिवशी काय घातलेस. ते शब्द तोंडातून गेले आणि मला कळले की मी काय विचारले आहे. तिलाही कळले. तिचा चेहरा जसा झाला तो मी इथे लिहिणार नाही.

मग ती म्हणाली, "गवत. दोन महिने रोज घालतंय. तू विहिरीवर गेलीस का." आणि मी तशीच बसले, तेव्हा म्हणाली, "जग बुडायचं तं बुडूं दे, बाय. आधी त्याला गवत घाल."

तिने शेठना मांडीवर घेतले, पोट हळूहळू चोळले, बोटाने ओठांना पाणी लावले. मी किल्ली टाकून धर्माकाकांच्या उडवीकडे धावले. धर्माकाका बैलांपाशी होते. मी काही न विचारता दोन्ही हातांनी गवत उपसू लागले. ते म्हणाले, "तिकडून नको, या बाजूचं सुकं हाय. तुझी आई इकडचंच नेते."

आईने एक काडी शेठच्या तोंडाशी धरली. ते हुंगत राहिले. दुसरी धरली. गंगू श्वास रोखून बसली होती. बराच वेळ गेला. मग शेठनी काडीचे टोक दातात धरले आणि ती हळूच, सुईत दोरा ओवल्यासारखी, आत जाऊ लागली.

४ फेब्रुवारी, रविवार

जग आहे. लेंड्या नऊ.

मी आईच्या पाया पडले. ती म्हणाली, "आता तेवढंच राहिलंय. ऊठ, तांदूळ निवड." मी विचारले, तू सांगितले का नाहीस. म्हणाली की पहिल्याच दिवशी सांगितले होते, मी कागद दाखवला. मग तिला वाटले की कागदवाल्या बाईचा शब्द मोडला तर माझी नोकरी जाईल, म्हणून कागदाचेही चालू दे आणि सशाचेही चालू दे. "चावून खानारं जनावर ते. उंदरासारखा दात वाढतो त्याचा. दिवसभर चघलायला नको? हरभरं काय, गोरगरिबाच्या लग्नातले लाडू. रोज खाऊन बग तू."

कुलूप बाबांच्या पेटीला परत लावले. तक्त्यात 'हरभरा फुगतो' असे मी लिहिले होते, ते खोडावेसे वाटले. खोडले नाही. खाली खरे कारण लिहिले.

६ फेब्रुवारी

चौसष्ट. ग्रह हलले, पोरे परत आली, हजेरी एकोणीस. शेठनी आज उडी मारली आणि हवेतच अंग वळवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरभरे आता आठवड्यातून दोनदा, तीन. कोबी बंद. मोरसचे नावही काढायचे नाही. गवत भरपूर, सतत.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दमयंतीबाई आल्या. पंचवीस मुले, सगळी केस विंचरलेली. बाईंना पाणी द्यायच्या निमित्ताने अर्धे गावही आले. मुलांनी गाणी म्हटली, गंगूने शेठच्या आहाराचे भाषण केले, एकच वाक्य: "शेठ गवत खातात नि आमी नाय." बाई पोट धरून हसल्या.

मग त्यांनी पिशवीतून माझे डिसेंबरचे पत्र काढले. त्यांना ते इतके आवडले होते की हरभऱ्याचा प्रयोग छापून बाकी बालवाड्यांना पाठवायचा त्यांचा विचार होता, माझ्या नावाने. क्षणभर, इथे खरे लिहायचे आहे म्हणून लिहिते, क्षणभर मला वाटले की गप्प बसावे. बालवाडी तर टिकलीच होती. मग मी पाहिले की आई मागे खांबाला टेकून उभी आहे आणि पत्राकडे बघते आहे, जसे वाचता न येणारी माणसे बघतात.

मी म्हणाले की बाई, ते पत्र चुकीचे आहे. सगळे सांगितले: मोरस, हरभरे, कुलूप, सगळे. सांगताना रडू आले, थांबले, पुन्हा सांगितले. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चूक माझी आहे गं. माझे ससे दिवसभर बंगल्याच्या हिरवळीवर मोकळे असतात. ते आपले आपण चरतात. गवत लिहायचं मला सुचलंच नाही."

त्यांनी पत्राची कोरी बाजू पुढे केली आणि आईला जवळ बोलावले. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. एक मूठ सकाळी, दोन दुपारी. सुकं, पण काळं पडलेलं नको. पावसात भिजलेलं तर बैलाला पन घालू नये. बाई मध्येच आईला म्हणाल्या, एवढे गवत कुठून आणले, पुतळाबाई? धर्माकाका दारातून म्हणाले, "माझी बकरी दोन पायांची हाय, मला ठाव होतं. अंगन फुकट सारवून मिलत होतं, मी कशाला बोलू?" देऊळ हसून हसून दणाणले. आईने पदरात तोंड लपवले, पण खांदे हलत होते.

बालवाडी मंजूर. आणखी दोन शाखा निघायच्या आहेत, तिथे कागद जाईल. खाली नाव घालायचे होते. मी 'पुतळा चांगदेव' लिहिले. आईने विचारले की हे काय लिहिलेस, मी वाचून दाखवले. ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "येवढंसं?"

जासईला आईने आजच निरोप धाडला की पोरीला दोन वर्षं सवड नाही, थांबायचे तर थांबा. मी न विचारता. बाबा काही म्हणणार होते, पण जेवायला बसले.

झोपताना आईने माझ्यापुढे विळा ठेवला. "उद्यापासून धर्माकडं तू जा. नि अंगन पन तूच सारव. माझी कंबर गेली."

आजपासून लेंड्या मोजायच्या नाहीत असे मी ठरवले आहे. ससा धडधाकट आहे, डोळ्यांना दिसते आहे, माणसाने कशावर तरी विश्वास ठेवावा.

एकशे अडतीस.